जी-आनच्या कानातला फोन: ‘माय मिस्टर’मधल्या एका पाळतीचा अभ्यास

(शेवटच्या दृश्यापर्यंतचं कथानक इथे उघड होतं. मालिका पाहिली नसेल, तर आधी पाहून यावं.)

आडून ऐकणं ही मालिका लिहिणाऱ्यांची जुनी सोय. दाराआड कुणीतरी उभं असतं, अर्धं वाक्य कानावर पडतं, गैरसमज होतो आणि पुढचे वीस भाग निघतात. ‘माय मिस्टर’ या सोळा भागांच्या कोरियन मालिकेचा कणाही आडून ऐकणं हाच आहे. पण इथं ऐकणारीला अर्धं वाक्य ऐकू येत नाही, सगळं ऐकू येतं, दिवसचे दिवस. तिचा गैरसमज होत नाही. माणसांबद्दलचा जो समज ती घेऊन आलेली असते, तोच मोडत जातो. ही मालिका पाहताना लोक ढसाढसा रडतात आणि नेमकं कशानं रडू आलं ते त्यांना सांगता येत नाही. पडद्यावर तेव्हा कुणी मेलेलं नसतं, कुणी निरोप घेत नसतं. एक मुलगी इअरफोन लावून रस्त्यानं चाललेली असते, एवढंच. त्या इअरफोनमधून काय जातं, कधी जातं आणि ऐकणाऱ्याचं काय होतं, ते इथं सुटं करून पाहू.

मालिका टीव्हीएन वाहिनीवर 21 मार्च ते 17 मे 2018 या काळात, दर बुधवारी आणि गुरुवारी लागत होती. दिग्दर्शक किम वोन-सक. ‘मिसेंग’ (2014) आणि ‘सिग्नल’ (2016) त्यांच्याच. लेखिका पार्क हे-यंग. पहिल्या भागाला जेमतेम चार टक्के प्रेक्षक होते, शेवटच्याला सात टक्क्यांच्या वर. 2019 च्या बेकसांग या कोरियन पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मालिका आणि सर्वोत्कृष्ट पटकथा हे दोन्ही मान तिला मिळाले. एकेक भाग सव्वा तासाहून मोठा, म्हणजे सगळी मिळून वीस तासांहून जास्त.

पैशाचं गणित आधी

प्रकरण समजायचं तर सुरुवात भावनेपासून करून चालत नाही, पैशापासून करावी लागते. पार्क दोंग-हून (ली सन-ग्युन) हा पंचेचाळिशीतला स्ट्रक्चरल इंजिनिअर. साम-आन ई अँड सी या कंपनीत इमारतींची सुरक्षितता तपासणाऱ्या तिसऱ्या तुकडीचा तो प्रमुख. कंपनीचा मुख्य दो जुन-यंग (किम यंग-मिन) कॉलेजात त्याच्या मागच्या वर्गात होता. या दो जुन-यंगचं दोंग-हूनच्या वकील बायकोशी, कांग युन-हीशी (ली जी-आ) प्रकरण चालू आहे. त्याला दोंग-हून ऑफिसात नको आहे.

मग एक चूक घडते. लाच म्हणून पाठवलेली पाच कोटी वॉनची गिफ्ट व्हाउचरं पार्क दोंग-उन या वरच्या अधिकाऱ्याकडे जायची, ती नावातल्या साधर्म्यामुळे पार्क दोंग-हूनच्या टेबलावर येतात. तो ती खणात टाकतो आणि तिथून ती चोरीला जातात. चोरणारी ली जी-आन (गायिका आययू, म्हणजे ली जी-उन). वय एकवीस, तीन महिन्यांच्या कंत्राटावर आलेली, टपाल वाटणं आणि झेरॉक्स काढणं एवढंच काम. आईचं कर्ज हिच्या डोक्यावर. रात्री ती एका हॉटेलात भांडी घासते आणि ताटांत उरलेलं घरी नेते. ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या खिशात टाकते आणि रात्री दोन-दोन पुड्या एका कपात ओतून पिते; तिचं जेवण बऱ्याचदा तेवढंच.

चौकशी उलटी फिरल्यावर तीच ती व्हाउचरं कचऱ्यात सापडतील अशी व्यवस्था करते, आणि दोंग-हून वाचतो. पण या खटाटोपात तिला कळून चुकतं की दो जुन-यंगला दोन पार्क नको आहेत, आणि का नको आहेत. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन भाव सांगते: एका माणसाला घालवायचे एक कोटी वॉन. तेव्हाच्या दरानं सुमारे सहा लाख रुपये. दोंग-उनला ती आधी बाजूला करते. राहतो दोंग-हून. त्याच्या फोनमध्ये ऐकण्याची सोय बसवली जाते. तांत्रिक बाजू तिचा मित्र गी-बॉम सांभाळतो.

इथं लेखिकेनं केलेली एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. जी-आनला पाळत ठेवायला कुठलंही उदात्त कारण दिलेलं नाही. पैसे हवेत, बस. ती सुरुवातीला दोंग-हूनचा तिरस्कारही करत नाही. तो तिच्या दृष्टीनं महिन्याला पन्नास-साठ लाख वॉन घेऊनही रडकं तोंड करून बसणारा एक माणूस असतो. तिच्या वाट्याला आलेलं जग पाहता हा समज वाजवीच आहे. म्हणून तो मोडतो तेव्हा आवाज होतो.

काय ऐकू येतं

हेरगिरीच्या गोष्टीत कानावर पडतात ती गुपितं. जी-आनच्या कानावर पडतात चपला, जिना, श्वास, लोकलचा खडखडाट, हूगे नावाच्या (काल्पनिक) वस्तीतल्या जंग-हीच्या दारूच्या दुकानातला गोंगाट, भावाभावांची फालतू भांडणं. थोरला सांग-हून (पार्क हो-सान) नोकरी गेलेला आणि कर्जात बुडालेला. धाकटा गी-हून (सोंग से-ब्योक) एके काळी सिनेमा दिग्दर्शित करायला निघालेला आणि तिथंच अडकलेला. दोघं मिळून इमारतींचे जिने पुसण्याचा धंदा सुरू करतात. मधला दोंग-हून आईला फोन करतो, काही आणायचं का विचारतो आणि मुकाट घरी जातो. मालिका हे तासन्‌तास ऐकवते. पहिल्यांदा पाहताना हा पसारा वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना कळतं की हा पसारा म्हणजेच पुरावा आहे: कुणी बघत नसताना हा माणूस कसा वागतो, याचा.

आता दुसरं टोक पाहा. जी-आनच्या घरी तिची आजी (सोन सुक) आहे. आजीला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. दोघींचं बोलणं हातवाऱ्यांनी चालतं. म्हणजे ज्या खोलीत बसून ती एका परक्या माणसाचा श्वास मोजते, त्या खोलीत एरवी शब्दाचा आवाजच नाही. किम वोन-सकनं हे कुठंही अधोरेखित केलेलं नाही, कुणाच्या तोंडी घातलेलं नाही. खोली काळोखी, आजी झोपलेली, इअरफोनची वायर आणि त्यातून दुसऱ्या घरातला टीव्ही. आवाजाची भूक काय असते, ते त्या एका रचनेतून पोचतं.

ऐकण्याचे टप्पे असे पडतात. पहिल्या काही भागांत ती शिकारी आहे. दोंग-हूनकडं ‘मला जेवायला घाला’ म्हणते, त्याच्यासोबत बाहेर दिसते, रस्त्यात एकदम त्याचं चुंबन घेते, कारण फोटो हवा आहे. फोटो म्हणजे लफडं, लफडं म्हणजे नोकरी गेली. मग आजीचं प्रकरण येतं. आजीला चंद्र पाहायचा असतो. जी-आन तिला सुपरमार्केटच्या ढकलगाडीत बसवून चढावर नेते, परतताना दमते, आणि दोंग-हून आजीला उचलून वर पोचवतो. पुढं तोच तिला एक कोरडी, कागदी गोष्ट सांगतो: आजीला सांभाळायची कायदेशीर जबाबदारी नातीवर येत नाही; पत्ता वेगळा करून अर्ज केला तर आजीची वृद्धसेवा केंद्रात फुकट सोय होईल. एवढी वर्षं आजीला लपवून, बिलं चुकवून फिरणाऱ्या मुलीला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मालिकेतली सर्वात मोठी मदत म्हणजे ही माहिती, असं आमचं मत आहे. पैसे नव्हेत, मिठी नव्हे. सरकारी दाराची योग्य खिडकी कुठली ते सांगणं. आपल्याकडं तहसील कचेरीत निराधार योजनेच्या अर्जासाठी खेटे घातलेल्या कुणालाही याचं वजन वेगळं सांगायला नको.

त्यानंतर ऐकण्याचा हेतू हळूहळू पालटतो. दो जुन-यंगला द्यायची माहिती ती गाळून देऊ लागते, मग खोटी देते, मग त्याच्याच विरुद्ध वापरते. आणि रात्री झोपताना इअरफोन काढत नाही.

नववा भाग

जी-आननं शाळकरी वयात एक माणूस मारलेला आहे. तो सावकार, आजीला मारहाण करत होता. कोर्टानं तो स्वसंरक्षणाचा प्रकार मानला. त्या सावकाराचा मुलगा ग्वांग-इल (जांग गी-योंग) आता तिचं कर्ज विकत घेऊन तिला छळतो, मारतो. दोंग-हून ग्वांग-इलला गाठतो. दोघांची झोंबाझोंबी होते. ग्वांग-इल ओरडून सांगतो की हिनं माझ्या बापाला मारलं. दोंग-हून क्षणभर थांबतो आणि म्हणतो, मी असतो तर मीही मारला असता.

फोन त्याच्या खिशात. जी-आन रस्त्यावर. तिच्या कानात हे सगळं.

पटकथेची कारागिरी दिसते ती इथं. जी-आनला ही गोष्ट समोरासमोर सांगितली असती, तर तिनं विश्वास ठेवला नसता. तिच्या अनुभवात माणसं तीन-चार वेळा मदत करतात आणि मग पळतात, कारण तिची परिस्थिती सुधारायची चिन्हं नसतात. हे ती स्वतः दोंग-हूनला सांगते. (त्यावर तो म्हणतो, चार वेळा केली म्हणजे चांगलीच माणसं होती, एकदाही न करणारे ढिगानं आहेत.) तोंडावर बोललेलं चांगलं ती हिशेबात धरत नाही. पण ती ऐकत नाहीये अशा समजुतीनं, मार खाताना बोललेलं वाक्य तिला नाकारता येत नाही. चोरून ऐकल्यामुळंच ते खरं ठरतं. गुन्ह्याचं साधन तिला जे देतं, ते दुसऱ्या कुठल्याही मार्गानं मिळालं नसतं. ती रस्त्यातच कोसळून रडते आणि आययूचा इतके भाग कोरडा ठेवलेला चेहरा पहिल्यांदा फुटतो. आठ भाग या एका रडण्यासाठी अडवून धरलेले असतात. पहिल्या भागात रडली असती तर कुणाच्याही डोळ्याला पाणी आलं नसतं.

दोंग-हून त्या झटापटीत एक कोरियन शब्द वापरतो: सिक्गू. माझ्या सिक्गूला मारणाऱ्याला मी सोडणार नाही, अशा अर्थानं. इंग्रजी सबटायटलमध्ये याचं ‘कुटुंब’ होतं. शब्दाचा मूळ अर्थ ‘जेवणारी तोंडं’. आपल्याकडं ‘एका चुलीवरची माणसं’ म्हणतात त्याच्या हा फार जवळ आहे. आणि जी-आननं या माणसाकडं पहिल्यापासून मागितलेलं काय? जेवण. फोटो काढता यावा म्हणून मागितलेलं जेवण नवव्या भागात नातं होऊन परत येतं. इंग्रजी ओळीत हा धागा तुटतो. मराठी प्रेक्षकानं तो शब्द कानानं धरून ठेवावा.

भाषेत आणखी काय निसटतं

मूळ नाव ‘नाए आजॉश्शी’. आजॉश्शी म्हणजे नात्यात नसलेला मध्यमवयीन पुरुष. रिक्षावाल्याला, दुकानदाराला, शेजाऱ्याला आपण ‘काका’ म्हणतो तो हा शब्द. ‘मिस्टर’मध्ये जी औपचारिकता आहे, ती मुळात नाही. मालिका सुरू होण्याआधी कोरियात याच नावावर टीका झाली. 2018 च्या सुरुवातीला तिथं मी-टू चळवळ जोरात होती, आणि पंचेचाळिशीतला पुरुष व एकविशीतली मुलगी हे समीकरण ऐकूनच लोकांनी नाक मुरडलं. शंका रास्त होती. मालिका तिला सोळा भागांत उत्तर देते, पण ते उत्तर ऐकायला थांबावं लागतं.

जी-आन ऑफिसात त्याला ‘बुजांगनिम’ म्हणते: पदाचं नाव आणि वर आदरार्थी शेपूट, आपलं ‘साहेब’. ‘आजॉश्शी’ हा शब्द ती वेगळ्या क्षणांना वापरते. तो तिच्याशी एकेरीत बोलतो; ती अहोजाहोतच, पण इतकी तुटक की आदर नावापुरता उरतो. तू-तुम्ही-आपण यांत वाढलेल्या कानाला हा फरक कोरियन न येताही टोनमधून कळतो. हा आपला फायदा आहे. सबटायटल वाचता वाचता क्रियापदांच्या शेवटांकडं कान ठेवला, तर ‘यो’ हा आदरार्थी शेवट कधी येतो आणि कधी गळतो हे दोन भागांत ओळखता येतं.

तिचं नाव ‘जी-आन’ दोन चिनी अक्षरांचं: ‘पोचणं’ आणि ‘स्वस्थता’. शेवटच्या प्रश्नाचा अर्थ यावर उभा आहे. सबटायटलमध्ये तो ‘तुला शांती मिळाली का’ असा काहीतरी येतो आणि नावाशी असलेली गाठ दिसत नाही.

इमारतीचं गणित

आठव्या भागात दोंग-हून तिला आपलं काम समजावतो. इमारत म्हणजे बाहेरून येणारा जोर आणि आतली सोसण्याची ताकद यांच्यातली झुंज. वारा, वजन, कंपनं, जे जे येऊ शकेल त्याचा हिशेब करायचा आणि आतली ताकद नेहमी त्याहून जास्त ठेवायची. माणसाचंही तसंच. ही उपमा वरवर सोपी वाटते. पण याआधी त्यानं एक तपशील सांगितलेला असतो की तो वास्तुरचनाकार नाही; इमारत कशी दिसावी ते दुसरे ठरवतात, ती पडू नये म्हणून काय किती लागेल हे तो काढतो. त्याच्या सगळ्या घरातही त्याचं काम तेच आहे, आणि ते दिसत नाही.

मग जी-आन विचारते, मला नोकरीवर का घेतलं? अर्जात बाकी रकाने रिकामे होते, विशेष कौशल्य म्हणून एकच शब्द लिहिला होता: धावणं. त्यावरून तिची आतली ताकद जास्त असावी असं त्याला वाटलं. तिला पूर्ण वाचलेला हा पहिला माणूस, आणि तेही अर्जावरून, पाळत न ठेवता.

दुसरे ऐकणारे

ऐकण्यानं बदलणारी जी-आन एकटी असती, तर ती तिच्या मनाची गोष्ट राहिली असती. पण रेकॉर्डिंग ग्वांग-इलच्याही हाती लागतात. धमकी देण्यासाठी काही सापडेल म्हणून तो ती ऐकत बसतो आणि त्यात त्याला सापडतो तो एक माणूस, जो त्याच्या बापाला मारणाऱ्या मुलीशी माणसासारखा वागतो. लहानपणी याच मुलीला वडलांच्या मारापासून वाचवणारा मुलगा ग्वांग-इलच होता. शेवटी तीच रेकॉर्डिंग तो जी-आनच्या बाजूनं वापरली जातील अशी सोडून देतो. त्याला क्षमा मिळत नाही, तो बदलून चांगलाही होत नाही. एक गोष्ट करतो, इतकंच. यापेक्षा जास्त दाखवलं असतं तर मालिका खोटी पडली असती.

आणि आपणही ऐकणारेच. दोंग-हून बायकोला विचारतो, तू त्या माणसाबरोबर गेलीस तेव्हाच मला मृत्युदंड दिलास, तुझी लायकी ही म्हणून सांगितलंस. हे दृश्य जी-आनला ऐकू येतं आणि आपल्याला दिसतं. एका खासगी खोलीत शिरलेले आपण आणि ती एकाच पातळीवर असतो. म्हणून तिच्या गुन्ह्याबद्दल नुसतं नाक मुरडून मोकळं होता येत नाही.

मात्र मालिका तिला सोडतही नाही. कोरियात दुसऱ्यांचं संभाषण चोरून ऐकणं हा 1993 च्या कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा 1 ते 10 वर्षं कैद. मालिका शेवटी पोलीस ठाण्यात जाते. जी-आनच्या बाजूनं उभी राहते ती युन-ही. जिचा संसार या फोननं उघडा पाडला तीच तिची वकील होते. युन-हीला लिहिताना पहिले सात-आठ भाग हात आखडता घेतला आहे. तिचं एकटेपण दोंग-हूनच्या भावांच्या आणि आईच्या घोळक्यात का वाढलं हे उशिरा कळतं, आणि हा या पटकथेतला खरा दोष आहे. पोलीस ठाण्याच्या दृश्यांत अभिनेत्री ली जी-आ हिनं ते भरून काढलं आहे. याउलट धाकट्या गी-हूनचं आणि एका नटीचं उपकथानक लांबलं आहे; दुसऱ्यांदा पाहताना तिथं पुढं सरकवलं तरी चालतं.

दोंग-हूनला कळतं तेव्हा

चौदाव्या भागाच्या आसपास त्याला समजतं की आपला फोन ऐकला जातो. जी-आन तोवर पळालेली असते, संपर्क नाही. तो फोन हातात घेऊन, नंबर न लावता, नुसता त्याच्याशी बोलतो: जी-आन, मला फोन कर. ज्या यंत्रातून त्याचं सगळं चोरलं गेलं, त्याच यंत्रातून तो पहिल्यांदा जाणूनबुजून तिच्याशी बोलतो. आरडाओरड नाही, पार्श्वसंगीत भरून आलेलं नाही. पाळतीचं दुतर्फा बोलण्यात रूपांतर करायला एवढं एकच वाक्य पुरतं.

भेटल्यावर तो तिचे आभार मानतो: माझं हे भिकार आयुष्य सगळं ऐकूनही तू माझी बाजू घेतलीस. ती सांगते की त्याचे सगळे आवाज तिला आवडले, बोलणं, विचार, पावलं. माणूस काय असतो ते पहिल्यांदा पाहिल्यासारखं वाटलं. ‘पाहिल्यासारखं’ म्हणते, ऐकल्यासारखं नाही. चौदा भाग आपण जी पावलं ऐकली, ती कशासाठी ऐकवली जात होती, ते इथं उघड होतं.

यांचं प्रेम होतं का, यावर आजही वाद होतात. जी-आनचं होतं, ते ती लपवत नाही. दोंग-हूनचं काय होतं, त्याला मालिकेनं नाव दिलेलं नाही, आणि ते बरोबर केलं आहे. नाव दिलं असतं तर लोक त्या नावाशीच भांडत बसले असते.

पाहताना

इअरफोन लावूनच पाहावी. आवाजावर उभी असलेली मालिका पंख्याच्या घरघरीत, कुकरच्या शिट्टीत, फोनच्या स्पीकरवर पाहिली तर निम्मी हातातून जाते. सलग दोन भाग आणि मग दोन-तीन दिवस मोकळे, हा वेग तिला मानवतो. रात्र जागून आठ-आठ भाग पाहिले तर नवव्याचं वजन कमी होतं.

सोडून देणारे बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या भागात सोडतात. कारणं तीन. पहिल्याच भागात ग्वांग-इल जी-आनला मारतो ते दृश्य लांब आणि कठोर आहे; कोरियातही त्यावर टीका झाली. ऑफिसातले हुद्दे (देरी, ग्वाजांग, बुजांग, सांगमु) गोंधळात टाकतात. आणि कुणीही आवडण्याजोगं नाही. हुद्द्यांसाठी कागदावर पाच नावं लिहून ठेवली की पुढं अडत नाही. मारहाणीचं दृश्य पुढं सरकवायला हरकत नाही. तिच्या अंगावरच्या खुणा पुढं दिसतातच. आवडण्याचं मात्र चौथ्या भागापर्यंत थांबावं.

नुकतंच घरातलं माणूस गेलं असेल, किंवा कर्जाचा तगादा ताजा असेल, तर ही मालिका पुढं ढकलावी. शेवटच्या भागांत आजीचा मृत्यू आहे. दोंग-हूननं फार आधी जी-आनकडून वचन घेतलेलं असतं की आजी गेली तर मला कळव, नक्की कळव. कोरियन अंत्यविधी बहुधा तीन दिवस रुग्णालयाच्या दालनात चालतो. दाराशी लावलेल्या पुष्पचक्रांच्या रांगेवरून गेलेल्या माणसाची पत ठरते, आलेल्यांना जेवू घालतात. आजीला कुणी नाही. सांग-हून लपवून साठवलेली रक्कम काढतो, पुष्पचक्रं मागवतो, हूगेतली सगळी टोळी काळे कपडे घालून येते. आपल्या आईच्या अंत्यविधीला कोण येईल ही चिंता या भावांना पहिल्यापासून होती. ती पुष्पचक्रं एका परक्या म्हातारीच्या दाराशी लागतात.

ली सन-ग्युन 27 डिसेंबर 2023 रोजी गेले. तेव्हापासून ही मालिका पाहणं आणखी जड झालं आहे, विशेषतः जी-आन दक्षिणेकडं बुसानला गेल्यानंतरचं ते दृश्य, जिथं दोंग-हून रिकाम्या घरी एकटा जेवायला बसतो आणि हुंदके द्यायला लागतो. कुणी ऐकत नसतं. फोनही नाही.

त्यानंतर काही काळ जातो. सोलच्या एका कॅफेत दोघं अचानक समोरासमोर येतात. जी-आन आता नीट नोकरी करते, सहकाऱ्यांसोबत हसते. दोंग-हूननं स्वतःची कंपनी काढली आहे. हस्तांदोलन होतं. ती म्हणते, तुम्हाला एकदा छान जेवायला घालायचं आहे, मी पैसे देणार. दोघं वेगवेगळ्या दिशांना चालू लागतात आणि त्याचा आवाज येतो, ओठ न हलवता, यावेळी कुठल्याही यंत्रातून न आलेला: जी-आन, पोचलीस का स्वस्थतेला?

हो, ती म्हणते. आणि पुन्हा एकदा: हो.